चुलीच्या दोन्ही अंगांस

बार्शी हे गाव केवळ पाहावयाचे म्हणून कोणी येत नाही. येतो तो बाजारास येतो, दवाखान्यास येतो, नाहीतर भगवंताच्या दर्शनास येतो. विष्णूचे 'भगवंत' या नावाने प्रसिद्ध असलेले देवालय हे या गावाचे पहिले भूषण. अंबरीष राजाच्या द्वादशीव्रताची जी कथा भागवताच्या नवम स्कंधात आहे ती याच भूमीवर घडली, व द्वादशीवरूनच 'बारशी' हे नाव पडले, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. दुसरे भूषण म्हणजे आमची लहान रेल्वे. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीचे रूळ टाकून १८९७ साली ती बार्शी रोड, म्हणजे आताचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत एकवीस मैल आणली. पुढे ती एका बाजूस लातूरपर्यंत व दुसऱ्या बाजूस पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. १९५४ साली ती सरकारच्या मालकीची झाली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात कुर्डुवाडी-लातूर मार्गावर रुंद रूळ पडून लहान गाडी नाहीशी झाली.

या दोन्ही गोष्टी गावकरी पाहुण्यांस आवर्जून सांगतात. तिसरी कोणी सांगत नाही, ती म्हणजे आमची जुनी घरे. मी ज्या विषयावर लिहावयास बसलो आहे त्याचा संबंध या तिसऱ्या गोष्टीशी आहे.

कोकणातील व पुण्याकडील वाचकांस माळवद म्हणजे काय हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आमच्याकडे पाऊस बेताचा. म्हणून घरास उतरते कौलारू छप्पर नसे. लाकडी खांब उभे करावयाचे, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचांची दाट पाथर, तिच्यावर पाला, आणि सर्वांवर फूट-दीड फूट मातीचा थर. वरचा हात पांढऱ्या मातीचा. ही माती पावसाने भिजली की आपोआप चिकटून बसते व पाणी खाली उतरू देत नाही. चार खांबांमधील जागेस खण म्हणतात, व घर केवढे हे सांगावयाचे झाल्यास 'बारा खणांचे' असे सांगतात. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी माळवदाला एक भोक ठेवलेले असते. त्यास सवणे म्हणतात. भर दुपारी त्यातून उन्हाचा एक सरळ खांब माजघरात उतरतो, आणि लहानपणी आम्ही त्यावरून वेळ ओळखीत असू.

अशा घराच्या भिंती दोन-दोन, अडीच-अडीच हात रुंद. इतकी जाड भिंत बांधल्यावर ती नुसती उभी ठेवणे हे आमच्या पूर्वजांच्या काटकसरी स्वभावास मानवणारे नव्हते. म्हणून तिच्या पोटात त्यांनी नाना प्रकारच्या जागा केल्या. दिव्यासाठी देवळी, तांब्याभांड्यासाठी कोनाडा, दही-दुधासाठी फडताळ, आणि धान्यासाठी बळद. बळद हा शब्द नव्या पिढीच्या कानांवरून गेलेला नाही. ती भिंतीतच राखलेली एक अरुंद उभी पोकळी असते. सुगी झाली की माळवदावर चढून वरच्या तोंडातून तीत ज्वारी ओतावयाची, तोंड बंद करून लिंपावयाचे, व वर्षभर खालच्या लहानशा तोंडातून लागेल तितकी काढावयाची. बार्शी ही ज्वारी-तुरीची मोठी पेठ. तेव्हा बळद नाही असे खातेपिते घर येथे विरळा.

आमचे घर भगवंताच्या देवळापासून फार लांब नाही. त्यातील जुन्या स्वयंपाकघराची पूर्वेकडील आतली भिंत साडेदहा फूट लांब. तिच्या मध्यभागी चार फुटांचा चुलीचा ओटा, वर सवणे, आणि चुलीच्या दोन्ही अंगांस एकेक बळद. प्रत्येकाची रुंदी सुमारे तीन फूट व खोली दोन फूट. चुलीच्या उबेने धान्य कोरडे राहावे व धुराने किडा लागू नये, ही ती योजना. गॅस आल्यावर स्वयंपाक मागील पडवीत गेला, ज्वारी बाजारातून महिन्याच्या महिन्याला येऊ लागली, आणि हे दालन अडगळीची खोली झाले.

याच काळात दुसरी एक अडचण वाढत होती, ती ग्रंथांची. आजोबांच्या हातच्या पोथ्या. वडिलांनी टपालाने मागविलेली, लहान गाडीतून आलेली निर्णयसागर छापखान्याची काव्यनाटके व आनंदाश्रमाची सूत्रभाष्ये. मोल्सवर्थचा कोश, आपट्यांचा कोश, केतकरांच्या ज्ञानकोशाचे काही खंड. आणि माझी स्वतःची शाळामास्तरी पुस्तके. हे सर्व ट्रंकांत, पेट्यांत व माळ्यावर. ट्रंकेत घातलेले पुस्तक आणि गहाण टाकलेला दागिना यांत फार फरक नाही. तो आपला असतो, एवढेच समाधान.

चिरंजीव पुण्यास असतात. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते. घर जुने झाले आहे, पाडून तेथे चार गाळे बांधावे, व पुस्तके एखाद्या वाचनालयास द्यावी. हे म्हणणे अविचाराचे होते असे मी म्हणणार नाही. जुने घर राखावयाचे तर दर वर्षी माती, चुना व मजुरी यांवर खर्च होतो, आणि आमच्या पश्चात तेथे कोण राहणार हा प्रश्न मलाही सुटलेला नाही. परंतु आम्ही उभयता जोवर येथे आहोत तोवर ग्रंथ हाताशी असावे, इतकी माझी इच्छा होती; आणि ती पुरी करताना घराला धक्का लागू नये, इतकी चिरंजीवांची अट होती. ही अट त्यांनी सहज घातलेली नव्हती. तिच्या मागे किल्लारी होती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून लोक निजलेले असताना लातूर जिल्ह्यातील किल्लारीस धरणीकंप झाला. आमच्याकडे फडताळातील भांडी वाजली व माणसे अंगणात आली, इतकेच. तिकडे सुमारे दहा हजार माणसे गेली. ती बहुतांशी आपल्याच घराखाली गेली, आणि ती घरे आमच्या घरांसारखीच होती. मातीचा एक घनफूट सुमारे पंचेचाळीस किलो भरतो. म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खणावर फूटभर माती असल्यास डोक्यावर साडेचार हजार किलोंचे ओझे झाले. आणि भिंत? ती बाहेरून अभेद्य दिसते, पण आत ती एक भिंत नसून दोन भिंती असतात. बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि मध्ये चिपा व चिखल यांची भरती. दोन्ही थरांस एकत्र बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड नसेल तर हादरा बसताच ते दोन अंगांस फुगतात व ढासळतात. नंतर तेथे आलेल्या जाणत्या अभियंत्यांनी एक गोष्ट नोंदली, ती आम्हां माळवदवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जेथे छपराचा भार खरोखर लाकडी खांबांवर होता तेथे पुष्कळ ठिकाणी भिंती पडल्या तरी खांब व माळवद उभे राहिले.

आमच्या घराची माती आम्ही १९९४ सालीच काढविली. आज किलचांवर जेमतेम चार बोटे माती व तिच्यावर पत्रा आहे. उन्हाळ्यात घर पूर्वीसारखे थंड राहत नाही, हे त्याचे मोल.

ग्रंथांसाठी जागा करावयाची म्हणून प्रथम जे गवंडी आले त्यांनी रस्त्याकडील बाहेरच्या भिंतीवर हात ठेवून, येथे सहा फूट रुंदीचे भिंतीतले कपाट करून देतो, असे सांगितले. ती भिंत दिसावयास रुंद, म्हणून ही सूचना सुचणे साहजिक होते. परंतु असे कपाट म्हणजे भिंतीचा आतला थर तेवढ्या लांबीत काढून टाकणे, व उरलेला पातळ थर भरतीच्या भरवशावर उभा ठेवणे. मी त्यांस चहा देऊन निरोप दिला. ज्यांची घरे आमच्यासारखी आहेत त्यांस माझे सांगणे एवढेच की दगडमातीच्या भिंतीत नवे भगदाड पाडू नये. पाडावेच लागले तर कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर असावे, व आधी जाणत्यास दाखवावे. जुन्या भिंतीस बळकटी आणावयाची तर साधारण दर दोन फूट उंचीवर व चार फूट अंतरावर आरपार बांधणारा दगड किंवा काँक्रीटचा सांधा बसवितात. ते काम ग्रंथांच्या कपाटाआधीचे.

दुसरे गवंडी वयाने माझ्याएवढे. त्यांनी काठीने सर्व भिंती ठोकून पाहिल्या, आणि चुलीशेजारी येताच ते हसले. पोकळी शोधावयाची कशाला? ती तर घरातच होती. बळदाचा पुढचा पडदा कच्च्या विटांचा, एका विटेचा, निव्वळ धान्य अडविण्यापुरता. त्यावर ना तुळई ना कडी. माळवदाचा भार चारी कोपऱ्यांच्या खांबांवर. पडदा काढला तर घराचे काही जात नव्हते. तरी त्यांनी घाई केली नाही. चुलीच्या वर भिंतीस एक जुनी भेग होती. आमची जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्याबरोबर भिंतीही किंचित हलतात. त्यांनी भेगेवर चुन्याच्या तीन आडव्या पट्ट्या मारल्या व सांगितले की एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्या. पट्टी तडकली नाही तर भेग मेलेली आहे. आम्ही वर्षभर थांबलो. पट्ट्या तडकल्या नाहीत.

पडदा उतरविला तेव्हा आत शेणामातीने सारवलेली गुळगुळीत पोकळी निघाली. तळाशी मूठभर काळी पडलेली ज्वारी व कडुनिंबाच्या पानांचा भुगा. आमच्या मंडळींनी ती ज्वारी फेकू दिली नाही.

आता कपाटाची रचना. दोन फूट खोली धान्यास ठीक, ग्रंथांस फार. साधे छापील पुस्तक सहा-सात इंच रुंदीचे. फळी दोन फूट खोल केली तर एका ओळीमागे दुसरी ओळ लपते, आणि लपलेले पुस्तक कोणी वाचीत नाही. म्हणून लाकडी कपाट चौदा इंच खोल केले व त्याच्या पाठीमागे सुमारे नऊ इंचांची मोकळी जागा तशीच ठेवली. या मोकळ्या जागेचे श्रेय गवंड्याचे. बळदाचे खालचे तोंड जाळी बसवून उघडे ठेविले व वरचे, माळवदावरील तोंड, पत्र्याच्या टोपीने पावसापासून झाकून बाजूने जाळीदार केले. ऊन तापले की आतली हवा वर जाते व खालून ताजी येते. मातीच्या भिंतीस लाकूड टेकत नाही, त्यामुळे ओल लागत नाही. आणि वाळवीने भिंतीवर मातीची वाट बांधली तर ती विजेरीच्या उजेडात दिसते. वाळवीपासून ग्रंथ वाचविण्याचा पहिला उपाय औषध नव्हे. ती येताना आपणांस दिसली पाहिजे, हा होय.

तळाशी सहा इंच उंचीचा शहाबादी फरशीचा चौथरा केला. सर्वच कप्पे फरशीचे करावे, वाळवी दगड खात नाही, असे गवंड्याचे मत. फरशीच्या धारेने बांधणी कुरतडते व पावसाळ्यात तिला घाम येतो, असे सुताराचे. हा वाद दोन दिवस चालला. मी सुताराच्या बाजूने निकाल दिला, व गवंड्याच्या समाधानासाठी तळचा कप्पा फरशीचा ठेविला. लाकूड नवे आणले नाही. १९९४ साली माळवद उतरविताना काढलेल्या सागवानी कड्या पडून होत्या. त्यांच्याच एक इंची फळ्या कापविल्या. पुस्तकांचे ओझे आपणांस वाटते त्याहून अधिक असते. एका फूट लांबीस आठ-दहा किलो सहज, व कोश असल्यास त्याहूनही जास्त. फळी तीन फुटांहून लांब केली तर दोन वर्षांत मध्ये झोळ पडतो. आमची अडीच फुटांची आहे. आणि सर्व भार चौकटीवरून खालच्या चौथऱ्यावर उतरतो, भिंतीत एकही खुंटी ठोकलेली नाही. दोन कप्प्यांमधील अंतर सारखे ठेवण्याची सुताराची हौस मोडावी लागली. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीस जी उंची लागते ती काव्यमालेच्या गुच्छकांस दिली तर वर अर्धा फूट जागा धुळीसाठी मोकळी राहते.

खरे अवघड काम काजळीचे होते. कित्येक पिढ्यांच्या स्वयंपाकाचा धूर व तेलाची वाफ यांचा चिकट काळा थर भिंतीवर बसला होता. तो खरवडून, राखेने घासून, वर चुन्याचा गिलावा केला. सिमेंटचा करू दिला नाही, कारण मातीच्या भिंतीवर सिमेंट लावले की आतली ओल आतच कोंडते. एक चमत्कार मात्र सांगण्यासारखा आहे. जी काजळी आम्ही पोथ्यांची वैरीण म्हणून खरवडीत होतो, तीच पोथ्यांची जननी. आजोबांची शाई दिव्याच्या काजळीची व बाभळीच्या डिंकाची. ती शंभर वर्षांत फिकी पडत नाही. पण पाण्याचा थेंब पडताच पसरते.

म्हणूनच जुने लेखनिक पोथीच्या शेवटी वाचणाऱ्यास विनंती करून ठेवीत. कोणी म्हणे तेल, पाणी, सैल बांधणी व मूर्खाचा हात यांपासून मला राख. कोणी पाणी, अग्नी, चोर व उंदीर ही चौकडी सांगे. अग्नीचे नाव त्यात आहे, आणि आम्ही तर ग्रंथ चुलीच्या शेजारी नेऊन ठेवीत होतो! यावर एक-दोन स्नेह्यांनी मला टोकलेही.

त्यांस मी इंग्रजांच्या घरांचे उदाहरण दिले. थंड देशातील घरात शेकोटीचे धुराडे भिंतीतून पुढे आलेले असते व त्याच्या दोन्ही बाजूंस आपोआप दोन खाचा तयार होतात. त्यांतच ते लोक पुस्तकांच्या फळ्या बसवितात. महाबळेश्वरास इंग्रजी अमदानीत बांधलेल्या बंगल्यांत शेकोट्या आहेत, त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस ही रचना चटकन कळेल. आमची चूल व दोन बळदे यांचा आराखडा हाच, फक्त हेतू निराळा. परंतु शेकोटी जेथे खरोखर पेटते तेथेही फळ्या जाळापासून बेताने दूर ठेवाव्या लागतात, व तापलेल्या भिंतीजवळचा कागद कालांतराने कडक होऊन तुटतो. बार्शीचा उन्हाळा तेवढे काम चुलीवाचूनही करतो. तेव्हा या चुलीत पुन्हा विस्तव पडावयाचा नाही, हे उघड होते.

मग ती ठेवावी कशाला? सुताराचे म्हणणे, ओटा काढला तर मध्ये तिसरे कपाट बसेल. हिशेबाने ते बरोबर होते, आणि ग्रंथांसही जागा हवीच होती. पण आमच्या मंडळींनी या एकाच बाबतीत तोंड उघडले. त्या म्हणाल्या, "सासूबाई चाळीस वर्षे इथं बसल्या. पुस्तकं तुमची, चूल माझी." त्यावर अपील नव्हते. श्रावणातील शीतळासप्तमीस चूल पेटवावयाची नसते, तिची पूजा करावयाची असते. त्या दिवशी त्या अजूनही ओटा सारवून चुलीस हळदकुंकू वाहतात व आंब्याचे पान ठेवतात. आमच्या घरी आता शीतळासप्तमी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आहे, असे मी थट्टेने म्हणतो. ओट्यावर सतरंजी घातली की बसावयास छान जागा होते, व सवण्यातून (त्यावर आता काच आहे) दुपारचा उजेड नेमका मांडीवरील पानावर पडतो.

पोथ्यांचा निर्णय शेवटी राहिला. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कोठेतरी असते, हस्तलिखिताची नसते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुमारे अठ्ठावीस हजार पोथ्या आहेत. १९१७ साली ती संस्था स्थापन झाली व दुसऱ्याच वर्षी डेक्कन कॉलेजातील सरकारी संग्रह तिच्याकडे आला. जानेवारी २००४ मध्ये तेथे झालेली मोडतोड वाचकांस आठवत असेल. तरीही ज्यांस सूची, जाणते हात व छायाप्रती आहेत अशा ठिकाणी पोथी घरापेक्षा सुरक्षित, हे मान्य केले पाहिजे. चिरंजीवांनी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस बसून प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतले. देवनागरी हस्ताक्षर त्यांस प्रथम वाचता येईना. तिसऱ्या दिवशी ते मला न विचारता समासातील टीपा वाचू लागले. हरताळाने पिवळी केलेली एक ओळ दाखवून, येथे आजोबांचे चुकले होते का, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की चूक खोडण्याची तीच रीत. खाडाखोड दिसू नये व कसरही लागू नये.

पोथ्या कोणत्या संस्थेस द्यावयाच्या ते अद्याप ठरले नाही. तोवर त्या उजवीकडील कपाटात, मधल्या दोन कप्प्यांत, लाकडी पाट्यांमध्ये घट्ट बांधून तांबड्या रुमालांत आडव्या ठेविल्या आहेत. जवळ वेखंडाचे तुकडे व कडुनिंबाची वाळलेली पाने, दसऱ्यास बदलावयाची. डावीकडे निर्णयसागर, आनंदाश्रम व कोश. घराचे काय करावयाचे हा विषय चिरंजीवांनी या दिवाळीस काढला नाही. जाताना मात्र त्यांनी फूटपट्टीने माळवदाखालच्या तुळया मोजून वहीत लिहून नेल्या. कशासाठी, ते मी विचारले नाही.